खांद्यावरचं पान

आमच्या घरमालकांच्या शर्टाच्या खिशात पेन नसे, व्हर्नियर कॅलिपर असे. ज्यांनी हे हत्यार पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: दोन चोची असलेली स्टीलची पट्टी असते, तिच्या चिमटीत वस्तू धरली की मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत माप कळतं. एवढं बारीक माप संसारात कुणाला लागतं, असं तुम्ही म्हणाल. काकांना लागायचं. पोळी जाड झाली तर ते तोंडानं तक्रार करत नसत. व्हर्नियर काढायचे, पोळीच्या कडेला लावायचे, डोळे बारीक करून आकडा वाचायचे आणि “दोन पॉइंट चार” एवढंच बोलून जेवायला लागायचे. पोळ्या माझ्या असायच्या. त्या घरात मी अडीच वर्षं पेइंग गेस्ट म्हणून राहिले, पण दोनच्या खाली जाणं मला काही जमलं नाही.

काका मूळचे कोकणातले, पण सारी नोकरी भाईंदरच्या एका कारखान्यात झाली. तिथं ते डाय बनवायचे. स्टीलच्या ताटल्या, वाट्या, झाकणं ज्या लोखंडी साच्यात दाबून काढतात, तो साचा म्हणजे डाय. “साचा केसभर चुकला की दिवसभरातल्या सगळ्या वाट्या चुकल्या,” ते सांगायचे. “मग कुणाच्या तरी घरात बिचारा माणूस जन्मभर चुकीच्या वाटीतनं आमटी पितो. आणि त्याला माहीतसुद्धा नसतं!” त्या अनोळखी माणसाची काळजी रिटायर झाल्यावरही त्यांच्या डोक्यातून गेली नव्हती.

मीरा रोडला पूनम सागरमधल्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट मजल्याच्या थोडी वर थांबायची. सगळे पाय उचलून चढायचे आणि विसरून जायचे. काकांनी ती उंची मोजली, चौदा मिलिमीटर भरली, आणि कमिटीला पत्र दिलं. सेक्रेटरी म्हणाला, “अंकल, इतना तो चलता है.” काका म्हणाले, “लिफ्ट चलती है, आदमी गिरता है.” मग रोज सकाळी ते लिफ्टच्या दारात पट्टी घेऊन उभे राहू लागले आणि चढणाऱ्या प्रत्येकाला चौदा मिलिमीटर दाखवू लागले. आठव्या दिवशी लिफ्टवाला आला. माझा अंदाज आहे की तो लिफ्टसाठी नाही, काकांसाठी बोलावला होता.

आता मी ‘अंदाज’ म्हटलं खरं, पण त्या घरात हा शब्द जपून वापरावा लागे. ‘अंदाजपंचे’ ही काकांची सगळ्यात मोठी शिवी होती. कुणाचा मुलगा बिघडला, कुणाचा जावई पळाला, रस्ता खचला, सगळ्याला ते म्हणायचे, “अंदाजपंचे कारभार! दुसरं काय!”

मी हिंगोलीकडची. मीरा रोडच्या एका लॅबमध्ये रक्त घ्यायच्या कामाला लागले आणि राहायला खोली शोधत त्यांच्या दारात उभी राहिले. काकांनी ना गाव विचारलं, ना आडनाव. माझ्या हातात एक बोल्ट आणि एक नट दिला. म्हणाले, “चढव.” मी चढवायला गेले, तो तिरका अडकला. मी जोर लावला.

“अंहं. जोर नाय लावायचा. आधी उलटा फिरव. खट् वाजलं की समजायचं, वाट सापडली. मग सुलटा.”

मी उलटा फिरवला. खट् वाजलं. मग नट लोण्यासारखा वर गेला. कोपऱ्यातल्या खुर्चीतून एक बाई म्हणाल्या, “घ्या हो ठेवून तिला. सांगितलेलं ऐकते.” त्या काकू.

काकूंना आदल्या वर्षी अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. डावा पाय काठीच्या आधारानं चालायला लागला होता. डावा हात मात्र आला नाही. तो असायचा मांडीवर, पाहुण्यासारखा, कुणी उचलून ठेवेल तिथं. म्हणूनच त्यांना घरात कुणीतरी हवं होतं. लॅबमधली पोरगी म्हणजे निम्मी डॉक्टर, असा काकांचा समज होता, आणि मीही तो मोडला नाही.

झटक्याआधी काकू एका मराठी शाळेत तीस वर्षं शिवणकामाच्या शिक्षिका होत्या. काकाही त्यांना ‘बाई’च म्हणायचे. “बाई, चहा घेता?” “बाई, गोळी घेतली?” पहिले काही दिवस मला वाटलं, काका थट्टा करतायत. नंतर कळलं, तो आदर होता. लोखंड मापात बसवणारा माणूस कापड मापात बसवणाऱ्या बाईला मानत होता. “लोखंड बरं असतं,” ते एकदा मला हळूच म्हणाले. “जागच्या जागी राहतं. कापड सरकतं. बाईंचं काम जास्ती कठीण.”

आता माझी चूक सांगते. सांगायला लाज वाटते, पण ती झाली नसती तर पुढचं काहीच झालं नसतं.

मला तिथं महिनाही झाला नव्हता. पौर्णिमा होती. काकू दर पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात वंदनेला जायच्या. झटक्यानंतर पहिल्यांदाच निघाल्या होत्या, काकांना घेऊन. साडी मी नेसवली. लॅबला उशीर होत होता. खांद्यावर पदराला सेफ्टी पिन लावली आणि निघाले.

“नीट बसली का ग?” काकूंनी विचारलं.

“चालेल, काकू.”

विहारात वंदना झाली. काकू नमस्काराला वाकल्या. पिन सुटली आणि पदर खांद्यावरून घसरून सरळ खाली आला. उजव्या हातात काठी. काठी सोडावी तर तोल जातो, धरावी तर पदर उचलता येत नाही. चार बायका धावल्या. सगळ्या प्रेमानं धावल्या, कुणी पदर उचलला, कुणी खांदा धरला, कुणी पिन शोधली. काकू मान खाली घालून उभ्या राहिल्या आणि त्यांनी ते सगळं करू दिलं. हे मला काकांनी सांगितलं, मी लॅबमधून आल्यावर, भांडी लावता लावता, अगदी साध्या आवाजात. ते मला रागावले असते तर बरं झालं असतं.

त्याच रात्री काकूंनी काठी कोपऱ्यात टेकवली आणि जाहीर केलं, “तीस वर्षं पोरींना शिकवलं की आपलं कापड आपल्या हातानं सांभाळावं. साडी घरात कुणी नेसवली तर नेसवू दे, ती चार भिंतींत होते. पण पदर सुटला तर मला स्वतःला लावता आला पाहिजे. जमेल त्या दिवशी मी ह्या दाराबाहेर पडेन. तोपर्यंत नाही.”

“मग ड्रेस घाला ना, काकू,” मी चाचरत म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी स्वयंपाकघरात गेले.

आणि त्या खरंच बाहेर पडल्या नाहीत. पुढची पौर्णिमा गेली, मग आणखी दोन गेल्या. खाली गार्डनमध्ये फिरणं बंद झालं. व्यायाम घ्यायला येणाऱ्या डॉक्टर मॅडमनी स्पष्ट सांगितलं, “रोज चालल्या नाहीत तर पायाची ताकदही जाईल. घरातल्या चार खोल्या पुरणार नाहीत.” काकूंनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. ती मान ‘हो’ची नव्हती, ‘कळलं’ची होती. मला भीती वाटायला लागली की पायसुद्धा हाताच्या वाटेनं जाणार, आणि कारण काय, तर माझी एक पिन.

काकांनी मला एकच प्रश्न विचारला. “पोरी, पेशंटची शीर शोधताना तू ‘चालेल’ म्हणतेस का?”

“नाही.”

“मग?”

एवढंच. पुढं कधीही तो विषय काढला नाही. पण त्याच संध्याकाळी त्यांनी कपाटातली पांढरी साडी काढली, पदराच्या कडेला व्हर्नियर लावला आणि आकडा वहीत लिहिला. मग ब्लाउजच्या खांद्याचा. काकू बघत होत्या. “काय करताय हो?” “काम सुरू केलंय,” काका म्हणाले.

काम असं होतं: एका हातानं लावता येईल असा ब्रोच. पिन नको, कारण पिनेला दोन हात लागतात, एक धरायला, एक टोचायला. काकांनी दोन दिवस नुसता विचार केला. तिसऱ्या दिवशी जुन्या कारखान्यातल्या दोस्ताकडून दोन चुंबक आणले, अर्ध्या सुपारीएवढे, चपटे. एक ब्लाउजच्या खांद्याला आतून शिवलेल्या खिशात ठेवायचा, दुसरा ब्रोचमध्ये. मध्ये पदर. उजव्या हातानं पदर खांद्यावर टाकायचा, ब्रोच वर ठेवायचा, झालं. इतकं सोपं की मला वाटलं, ह्यात दोन दिवस कशाला लागले? मी मोबाइलवर तयार ब्रोच शोधून दाखवले. खडे, मोर, फुलपाखरं. काकू म्हणाल्या, “हे लावून मी वंदनेला जातेय की वरातीला?” काका म्हणाले, “धातू जड. पातळ पदर ओढला जाणार. कापडाला कापडच पाहिजे.” आणि त्यांनीच ठरवलं: फेल्टचा, म्हणजे न विणता दाबून केलेल्या कापडाचा. हलका, मऊ, कापला तरी कडेनं दोरे न सुटणारा. आकार पिंपळाच्या पानाचा. विहारात जायचं तर दुसरं काय शोभणार?

शांती नगरमधल्या स्टेशनरीच्या दुकानात आम्ही दोघं गेलो. दुकानदारानं फेल्टचे रंगीत चौकोन पुढ्यात टाकले. “अंकल, बच्चे का प्रोजेक्ट है क्या?”

“हाँ. बीवी का,” काका म्हणाले आणि व्हर्नियर काढला. “भैया, ये डेढ़ एमएम बोलके दिया, ये तो एक पॉइंट दो है.”

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच फेल्ट मोजून विकला असणार. सहा चौकोन मोजल्यावर एक पसंत पडला, गर्द हिरवा. मागे उभी असलेली एक बाई स्केचपेन घ्यायला आली होती, ती कंटाळून निघून गेली.

मग पानं. कंपाउंडपाशी पिंपळ होता. काकांनी त्याची सतरा पानं आणली, डायनिंग टेबलावर ओळीनं मांडली आणि मोजायला बसले. तासाभरानं त्यांचा चेहरा पडला.

“बाई, एकाही पानाच्या दोन बाजू सारख्या नाहीत!”

“झाडाला व्हर्नियर कुणी दिला होता?” काकू म्हणाल्या.

काकांनी सतरा पानांची सरासरी काढली. दोन्ही बाजू सारख्या केल्या. दोस्ताच्या कारखान्यात जाऊन फेल्टवर ठेवायचा साचा म्हणून स्टीलच्या पत्र्याचं पान कापलं, कानसून गुळगुळीत केलं, कडेनं तीन-तीन मिलिमीटरवर बारीक भोकं पाडली. प्रत्येक भोकातून एक टाका. टाका चुकायला जागाच नाही. ते पान मी अजून डोळ्यांसमोर आणू शकते. खरंच देखणं होतं. पण पिंपळाच्या पानाला जी लांब शेपटी असते, ती काकांनी आखूड केली होती. फेल्टमध्ये एवढं निमुळतं टोक शिवता येणार नाही म्हणे.

काकूंनी पत्र्याचं पान हातात घेतलं. उलटसुलट पाहिलं. “पिंपळपानाची ओळख म्हणजे शेपटी. ती काढली की राहिलं विड्याचं पान. मला खांद्यावर विडा लावून पाठवताय का?”

काका पुन्हा भाईंदरला गेले. दुसरं पान कापून आणलं, शेपटीसकट.

शिवण सुरू झाली तेव्हा मी मुद्दाम सुट्टी घेतली होती, असं नाही, पण लॅबमधून लवकर निघायला लागले. संध्याकाळचा चहा झाला की काका टेबलाच्या कडेला व्हाइस आवळायचे, म्हणजे लोखंड घट्ट धरायचा तो शिकंजा. त्याच्या जबड्यात लाकडाच्या दोन पट्ट्या आणि पट्ट्यांत फेल्टचं दोन थरांचं पान. मग चष्म्यावर दुसरा चष्मा चढवून, सुई हातात धरून त्या पानावर झुकायचे. काकू म्हणायच्या, “फाशी दिलीय बिचाऱ्याला.” पण शिवण कशी करायची, हे मात्र सांगायच्या नाहीत. झटक्यापासून त्यांनी सुई-दोऱ्याचं नाव काढलं नव्हतं. शिवणाचा डबा कपाटाच्या वरच्या फळीवर गेला होता, त्यांनीच ठेवायला लावला होता. काकाही विचारायचे नाहीत. दोघंही हट्टी. एकाला न विचारण्याचा हट्ट, दुसरीला न सांगण्याचा.

मी रोज माणसांच्या हातात सुया खुपसते, पण कापडात सुई खुपसताना घाम फुटतो. त्यामुळे माझी मदत दोरा ओवण्यापुरती. आठ संध्याकाळी काका त्या पानाशी झुंजले. पहिल्या पानाच्या शिरा त्यांनी दोन्ही थर जोडल्यावर शिवल्या, त्या मागून दिसायला लागल्या. टाकून दिलं. दुसऱ्यात गाठ बाहेर राहिली. टाकून दिलं. तिसऱ्याला आधी वरच्या थरावर शिरा काढल्या, फिक्या हिरव्या दोऱ्यानं. मग आत चुंबक, चिमूटभर कापूस, आणि कडेनं काजटाका. भोकाला भोक, टाक्याला टाका. शेवटची गाठ आत ओढून त्यांनी दोरा कापला आणि व्हाइस सोडला. पान टेबलावर पडलं. खरं सांगते, दुकानात असतं तर कुणी हातानं केलंय म्हणून विश्वास ठेवला नसता.

काकूंना उभं केलं. पदर खांद्यावर टाकला. ब्लाउजच्या आत चुंबक होताच. काकूंनी उजव्या हातात पान घेतलं आणि खांद्याकडे नेलं.

पान बाजूला सरकलं.

त्यांनी पुन्हा नेलं. पान बोटांतल्या बोटांत वळलं. तिसऱ्यांदा त्यांनी जरा दाबून ठेवलं आणि हात काढला, तर पानानं खांद्यावरून उडी मारली आणि सोफ्याखाली गेलं.

काय झालं होतं ते काकांच्या आधी मला कळलं, कारण माझी विज्ञानाची शाळा त्यांच्या शाळेपेक्षा अलीकडची. चुंबकाची सारखी टोकं एकमेकांना ढकलतात. काकांना हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण कारखान्यात जोडीच्या दोन भागांवर सारखी खूण करतात, आणि बसवताना खुणेला खूण मिळवतात. चाळीस वर्षांची सवय. काकांनी दोन्ही चुंबकांच्या सारख्याच बाजूंवर लाल ठिपका काढला होता आणि ठिपका ठिपक्यासमोर येईल असं शिवलं होतं. अगदी मापात. केसाचाही फरक नाही. म्हणून तर पान एवढ्या जोरात उडालं.

आणि काकू हसायला लागल्या. आधी नाकातून, मग तोंडावर हात धरून, मग हात सोडून. “अहो, पान माझ्याकडे यायला तयार नाही!” हसता हसता त्यांना ठसका लागला, मी पाणी आणलं, पाणी पिताना पुन्हा हसू आलं. मला त्या घरात येऊन पाच महिने झाले होते. काकूंना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

काका हसले नाहीत. सोफ्याखालून पान काढलं, धूळ झटकली, खुर्चीत बसले.

“काका, सोप्पं आहे,” मी म्हटलं. “ब्लाउजच्या खिशातला चुंबक उलटा ठेवा. दोन मिनिटांचं काम.”

“नाय. चूक पानात झाली. दुरुस्ती पानात होणार.” आणि माझ्याकडे हात पुढे केला. “ब्लेड दे.”

मी वैतागले. आठ संध्याकाळी! माणसानं किती हट्टी असावं? मी काकूंकडे बघितलं, की तुम्ही तरी सांगा. काकू गंभीर झाल्या होत्या.

“उसवायलाच हवं,” त्या म्हणाल्या. “चुंबकाचं जाऊ दे. टाके आवळलेत. चार दिवसांत कड वाकेल. आठ दिवस बघतेय मी.”

“मग बोलला का नाहीत, बाई?”

“तुम्ही विचारलंत का?”

मग काकू माझ्याकडे वळल्या. “वरच्या फळीवरचा डबा काढ.”

मी स्टुलावर चढले. डबा खाली आला. त्यात कात्री होती, अंगुस्तान होतं, दोऱ्याची रिळं होती, आणि सगळ्याला बंद कपाटाचा वास येत होता. काकूंनी उजव्या हातानं बारीक कात्री उचलली. “धरा,” त्या काकांना म्हणाल्या. काकांनी पान व्हाइसमध्ये लावायला घेतलं. “ते नको. बोटांनी धरा. लोखंडाला कळत नाही किती दाबायचं.”

काकांनी दोन हातांच्या चिमटीत पान धरलं. काकूंनी एकेक टाका कापला. आमच्या डोळ्यांदेखत आठ दिवसांचं काम चिमूटभर दोरे होऊन टेबलावर पडलं. मग त्यांनी सुई मागितली. मला दोरा ओवायला लावला, कोपरापर्यंत मोजून. आणि उजव्या हातानं पहिला टाका घातला.

त्यानंतरच्या संध्याकाळी मी कधी विसरणार नाही. दोघं टेबलाच्या एकाच कडेला बसायचे, खांद्याला खांदा लावून. दोघांचे मिळून तीन हात कामाला लागलेले. धरायचं काकांनी, शिवायचं काकूंनी. “थोडं इकडे.” “एवढं?” “जास्त. निम्मं मागे घ्या.” “किती एमएम?” “एमएम नाही हो. मला हवं तेवढं.” काका, ज्यांनी जन्मभर कुणाला ‘एवढं-तेवढं’ बोलू दिलं नाही, गुपचूप ‘हवं तेवढं’ सरकवायचे. सुई एकदा सरळ त्यांच्या बोटात गेली. मी धावले, तर म्हणाले, “बस खाली. पान हललं नाय ना?” मला त्या दोघांचा हेवा वाटला. माझं लग्न व्हायचं होतं तेव्हा, आणि मी मनात म्हटलं, असं कुणी भेटेल तरच.

पत्र्यातली तीन-तीन मिलिमीटरवरची भोकं काकूंनी मानली नाहीत. वळणावर टाके जवळ घेतले, सरळ कडेला लांब. शेपटी मात्र रुसली. त्या निमुळत्या टोकाशी सुई फिरवायला जागाच नव्हती. दोनदा फेल्ट फाटला. दोनदा नवं पान कापलं, दोनदा शिरा पहिल्यापासून. काका म्हणाले, “बाई, थोडी आखूड करू या?” काकू म्हणाल्या, “नाही.” तिसऱ्या खेपेला त्यांनी टोक कापलंच नाही, आधी टाके घातले आणि मग त्या टाक्यांच्या कडेनं फेल्ट कापला. शेपटी जमली. काका बराच वेळ ती शेपटी बघत बसले. “चाळीस वर्षं मी आधी कापून मग जोडत आलो,” ते म्हणाले.

चुंबक ह्या वेळी पानात उलटून नीट बसवला होता. पण काकूंनी पान लगेच लावून बघितलं नाही. “पौर्णिमेला,” त्या म्हणाल्या. त्या मधल्या नऊ दिवसांत पान फ्रिजच्या दाराला चिकटून असायचं. काका येता-जाता त्याच्यासमोर थांबायचे, पण खिशातला व्हर्नियर काढायचे नाहीत.

पौर्णिमेच्या सकाळी मी साडी नेसवली. निऱ्या घातल्या, कमरेला घट्ट केलं. पदर खांद्यापाशी आणला, तेव्हा काकू म्हणाल्या, “सोड.” मी सोडला. “बाहेर जा. आणि ह्यांनाही बाहेरच ठेव.”

हॉलमध्ये मी आणि काका सोफ्यावर बसलो. बेडरूमचं दार लावलेलं. आत काठी भिंतीला टेकवल्याचा आवाज झाला. मग बराच वेळ काहीच नाही. मग काहीतरी पडलं. काका उठले. मी त्यांना शर्ट धरून खाली बसवलं. मला वाटलं, पान पडलं. पंख्याचा आवाज तेवढा येत होता. काकांनी गुडघ्यावर दोन्ही पंजे दाबून धरले होते. पुन्हा काहीतरी पडलं. ह्या वेळी उठले नाहीत, नुसते डोळे मिटले.

मग आतून आवाज आला. टक्.

दार उघडलं. काकू काठी टेकत बाहेर आल्या. पांढरी साडी, निळी किनार, खांद्यावर हिरवं पिंपळपान. पान तिरकं बसलं होतं. चांगलं दोन बोटं तिरकं, शेपटी गळ्याकडे वळलेली. मी पाहिलं. काकांनीही पाहिलं, हे मला त्यांच्या मानेवरून कळलं. त्यांनी जाऊन दाराची कडी काढली आणि काकूंच्या चपला सरळ करून ठेवल्या.

विहारात त्या दिवशी गर्दी होती. वंदना झाली. मी मागे उभी होते आणि माझं सगळं लक्ष त्या खांद्यावर होतं. काकू नमस्काराला वाकल्या. उजव्या हातात काठी. पदर ताणला गेला, पान जरासं हललं. त्या आणखी वाकल्या, कपाळ खाली गेलं. त्या सावकाश उठल्या. पदर जिथल्या तिथं होता. काकू एकट्या उभ्या होत्या आणि त्यांच्या जवळ येण्याची कुणाला गरज पडली नव्हती.

बाहेर पडताना, त्या दिवशी पदर उचलायला धावलेल्यांपैकी एक बाई भेटल्या. काकूंना बघून त्यांचे डोळे भरून आले. “किती महिन्यांनी आलात हो ताई! आणि हे पान केवढं छान!” मग त्यांचं लक्ष गेलं. “जरा वाकडं बसलंय. थांबा, नीट करते,” म्हणत त्यांनी हात पुढे केला.

काका दोघींच्या मध्ये येऊन उभे राहिले.

“नको, ताई,” ते म्हणाले. “बरोबर आहे ते.”